खोकसीतली गाठ

नोकरी काय करता, असं कोणी विचारलं की मी 'सरकारी' एवढंच सांगायचे. त्यानं समाधान झालं नाही तर 'लॅबमध्ये'. मग हमखास पुढचा प्रश्न, 'म्हणजे रक्त-लघवी का?' अहो, रक्त-लघवी असती तर किती बरं झालं असतं! हळदीकुंकवाला बायका मांडीला मांडी लावून बसल्या असत्या, पदराखालून रिपोर्ट काढून दाखवले असते. पण मी होते मत्स्य खात्याच्या रोगनिदान प्रयोगशाळेत. नदीतले, तलावातले मासे मरायला टेकले, त्यांच्या अंगात किडे निघाले, की ते माझ्या टेबलावर यायचे. ते फाडायचे, किडा शोधायचा आणि त्या किड्यानं माशाचं आतून काय नुकसान केलं ते पाहायचं, हे माझं काम. हे ऐकलं की समोरच्या बाईचा चिवड्याचा हात तोंडाजवळ थांबायचा.

घरी तर वेगळीच तऱ्हा. आमचं घराणं भोसल्यांच्या राजवटीत नागपूरकडून रायपुरात आलेलं, मासा कधी उंबरठ्याच्या आत आला नाही. मी तो खाल्ला नाही, शिजवला नाही, आणि नोकरीभर दुसरं काही कापलं नाही. संध्याकाळी समता कॉलनीतल्या घरी पोहोचले की मागच्या दारातून आत. तिथे सासूबाई उभ्याच.

"काहून वं, आजबी फाडून आली का?"

"हव, आई."

"मंग तिथूनच न्हाणीत जाय. डोक्यावरून घे. चुलीले हात नको लावू."

राग यायचा मला. पगार चालतो, हात चालत नाहीत! पण फॉर्मॅलिनचा वास खरंच जात नाही, साबणाच्या तीन जाती झाल्या तरी केसांत राहतो. म्हणून बोलायचे नाही, बादली आपटायचे.

राज्य नवीन झालं तेव्हा रायपुरात सगळ्यांचीच तारांबळ होती. एका इस्पितळाच्या इमारतीत मंत्रालय भरलं, कुठल्या बंगल्यात कुठलं खातं हे रिक्षावाल्यांनाही कळेना. आमच्या वाट्याला गुढियारीत रेल्वेच्या मालधक्क्यामागचं एक जुनं गोदाम आलं. भिंतींना पोत्यांचा वास, छतात कबुतरं. वाटणीत भोपाळहून मायक्रोटोम आलं. मायक्रोटोम म्हणजे मांसाचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचं यंत्र. यंत्र आलं, त्याचा चाकू तिकडेच राहिला. पत्रावर पत्रं गेली. साहेब म्हणायचे, "मॅडम, राज्य मिला है, चाकू भी मिल जाएगा." चाकू येईपर्यंत आम्ही ते यंत्र पुसून ठेवायचो, बस.

आता धंदा काय असतो ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मासा आला की आधी वरून पाहायचा. खवलं, कल्ले, डोळे, कुठे सूज, कुठे लाल चट्टा. मग पोट उघडायचं आणि आतडं ट्रेमध्ये लांब पसरायचं. आपल्याकडच्या रानटी पाण्यातला, म्हणजे कोणी न पाळलेला मासा, किड्यावाचून क्वचितच सापडतो. एक किडा असतो, त्याच्या तोंडाला आकड्यांची सोंड असते. ती तो आतड्याच्या भिंतीत रुतवतो आणि तिथेच बसतो. काढायला गेलं तर भिंतीचा तुकडा सोबत येतो. खालचं मांस लाल, सुजलेलं, भोवती फाटलेलं. दुसरा पिवळ्या दाण्यासारखा कातडीखाली राहतो. आणि तिसरा लाल, दोऱ्यासारखा, वेटोळं करून मांसात किंवा काळजाजवळ पडून असतो. हा माशात मोठा होतच नाही. त्याला बगळा लागतो. बगळ्यानं मासा गिळला की हा बगळ्याच्या पोटात वयात येतो, अंडी घालतो, ती बगळ्याच्या विष्ठेतून पुन्हा पाण्यात. चिखलातली बारकी गांडुळं ती खातात, गांडुळांना मासा खातो. मासा म्हणजे त्याची धर्मशाळा. पण मुक्काम वर्षानुवर्षांचाही असू शकतो.

मग नुकसान झालेल्या जागेचा तुकडा काढायचा, फॉर्मॅलिनमध्ये मुरवायचा, मेणात बसवायचा, मायक्रोटोमवर काप काढायचे, कोमट पाण्यावर तरंगवून काचेवर उचलायचे आणि रंगवायचे. निळं आणि गुलाबी. पहिल्यांदा दुर्बिणीखाली, म्हणजे मायक्रोस्कोपखाली, ते पाहिलं तेव्हा मी 'अव माय' म्हटलं होतं. मधोमध किड्याचं वेटोळं, आणि त्याच्या चहूकडे माशानं बांधलेली भिंत. पदरावर पदर. माशाला किडा मारता येत नाही, बाहेर फेकता येत नाही. मग तो त्याला कोंडतो. सुरुवातीला पातळ पडदा, दिवस जातील तशी ती घट्ट होत जाते, शेवटी बोटानं दाबली तर टणक लागते. ती गाठ.

गिऱ्हाइकंही एकेक नग असायची. एक बडे साहेब काचेच्या पेटीतला सोनेरी मासा चांदीच्या वाटीत घालून घेऊन आले होते. मेलेला. बायकोला काय सांगू ते लिहून द्या, म्हणाले. मी पोट उघडलं तर आत पोळीचे तुकडे. प्रेमानं भरवून भरवून मारला होता बिचाऱ्याला! 'अपचन' असं लिहून दिलं. साहेबांनी कागदाची घडी करून पाकिटात ठेवली आणि डोळे पुसले. मी हसले नाही, हसू आलं होतं तरी.

पण ज्या एका माशासाठी मी लिहायला बसले आहे, तो असा वाटीतून आला नव्हता.

आम्हाला नमुन्याचे मासे पुरवायची सुकवारो. गोदामापासून थोड्या अंतरावर केवटपारा होता, केवटांची म्हणजे मासेमारी करणाऱ्या लोकांची वस्ती. तिथली ही विधवा बाई. शुक्रवारी जन्मली म्हणून सुकवारो. उंच, काळी, हसली की एक दात पुढे यायचा. दोन्ही हातांत हंडे, हंड्यात जिवंत खोकसी. खोकसी म्हणजे सापाच्या तोंडाचा, चिखलातही तग धरणारा मासा. इकडे आजारी माणसाला, बाळंतिणीला ताकद यावी म्हणून मुद्दाम देतात. ती मला दीदी म्हणायची, आणि मासे खात नाही म्हणून माझी कीव करायची. "दीदी, जिनगी भर पढ़े, फेर चीखे नइ," म्हणायची. जन्मभर अभ्यास केला, पण चव नाही घेतली. मी म्हणायचे, "तू चीख, मी पढ़ते." आमचं असं जमायचं.

एका सकाळी ती आली ती हंड्यांशिवाय. हातात पळसाच्या पानाची पुडी. कपाळावर खोक, रक्त वाळलेलं. मी काही विचारायच्या आत तिनं पुडी टेबलावर ठेवली.

"एला देख तो, दीदी. अउ बता, मैं टोनही नोहंव."

टोनही म्हणजे चेटकीण. ती मी नाही एवढं सांग, म्हणत होती. छत्तीसगडात हा शब्द बाईला चिकटला तर ती जिवंत राहील की नाही, हे शेजाऱ्यांवर असतं.  तिला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं, आणि मग तिनं एकेक करून सांगितलं.

इकडच्या पंचांगातल्या श्रावणी, म्हणजे आपल्या आषाढी अमावस्येला हरेली असते. त्या दिवशी शेतकरी अवजारं धुऊन पुजतात, दारांना कडुनिंब खोवतात, आणि केवट आपलं जाळं घेऊन घरोघर जातात. लेकराबाळांच्या डोक्यावरून जाळं पांघरतात. जाळ्यातून मासा सुटत नाही, तशी जाळ्यातून बाधा आत शिरत नाही, असा भाव. सुकवारोच्या थोरल्या जावेची, रमशीलाची, सून तेव्हा दिवसांत होती. सुकवारो नवऱ्याचं जुनं जाळं घेऊन तिच्यावर पांघरायला गेली. रमशीलानं ते मध्येच धरलं. विधवेच्या हातचं जाळं माझ्या सुनेवर नको. दारात भांडण झालं, सगळ्या पाऱ्यानं ऐकलं. रागाच्या भरात सुकवारो बोलून गेली, "बघून घेईन तुझ्या नातवाला कोण राखतो ते."

झालं. तेवढं वाक्य पुरेसं होतं.

काही आठवड्यांनी सून बाळंत झाली, मुलगी झाली. भांडण मिटावं म्हणून सुकवारोनं छठीच्या दिवशी, म्हणजे बाळाच्या सहाव्या दिवशी, आपल्या हंड्यातली सगळ्यांत मोठी खोकसी सुनेसाठी पाठवली. रमशीलानं ती मारून पाटावर ठेवली, चूल पेटवून परत आली, तर माशाच्या कुशीतून लालभडक किडे वळवळत बाहेर येत होते. त्याच दिवशी बाळाला ताप भरला. आता सांगा, त्या बाईनं काय समजावं? मी शिकलेली आहे म्हणून मला माहीत, की मासा मेला आणि थंड पडू लागला की हा किडा गाठ सोडून निघतो. तिला कोण सांगणार होतं?

रात्रीतून सुकवारोच्या कौलांवर दगड पडले, एक तिच्या कपाळाला लागला. बोअरिंगवर पाणी भरू देईनात. रविवारी पाऱ्याची बैठक ठरली होती आणि तिथे तिचं काय ते ठरणार होतं.

"पोलिसात चल," मी म्हणाले. "मी येते सोबत."

"पुलिस आही, चल दिही," ती म्हणाली. "मोला तो इही पारा म रहना हे."

पोलीस येतील, जातील. राहायचं तिला तिथेच. 

मी पुडी उघडली. रमशीलानं तिच्या दारात फेकलेल्या त्याच माशाचा मधला तुकडा, दोन मेलेले किडे. वास असा की कबुतरंही उडाली. पण मांसात मला हवं ते होतं. काळजाजवळ हरभऱ्याएवढी रिकामी खोळ. किडा निघून गेला होता, त्याचं घर तिथेच होतं. दाबून पाहिली. टणक. तोवर आमचा चाकू आलेला होता, देवाची कृपा. खोळीच्या कडेचा तुकडा मुरवला, मेणात बसवला, काप काढले, उरलेली खोळ फॉर्मॅलिनमध्ये ठेवली. दुर्बिणीखाली पाहिलं तर भिंतीचे जाड जाड पदर. ही भिंत हरेलीनंतरची नव्हती. नेमकी किती महिन्यांची, हे मी छातीठोक सांगू शकत नव्हते, आजही नाही सांगू शकत. पण एवढ्या थोडक्या आठवड्यांत इतकी होत नाही, हे मला माझ्या हाताएवढं ठाऊक होतं. किडा भांडणाच्या आधीपासून माशात होता.

आमचे साहेब भले माणूस, पण म्हणाले, "मॅडम, हम मछली के डॉक्टर हैं. आदमी के झगड़े में मत पड़िए."

घरी मुलगा तेच म्हणाला. आम्ही मराठीत बोलतो, तो हिंदीत उत्तर देतो. "मम्मी, आप मत जाओ. उधर भीड़ कुछ भी कर देती है." नवरा रेल्वेत, गाडीवर गेलेला. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या तांदूळ निवडत होत्या. 

"त्या बाईनं तुले मासे देल्ले ना इतके दिवस?" त्यांनी विचारलं.

"हव."

"मंग जाय. पर उपाशी नको जाऊ. अन् त्या पोट्टीले पाहून घेजो, जिले ताप हाय. भांडणात लेकरू इसरतात लोकं."

पोळी-भाजी वाढली त्यांनी मला. स्वतःच्या हातानं.

रविवारी दुपारी बैठकीला गेले. कडुनिंबाखालचा चबुतरा, एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका, आणि मधे एकटी सुकवारो उकिडवी बसलेली. तिच्या आजूबाजूला जागा मोकळी सोडलेली होती. पाऱ्याचा म्हातारा सियान, म्हणजे ज्याच्या शब्दाला मान, तो चबुतऱ्यावर. त्याच्याजवळ रमशीला. तिची सून मागे, बाळाला छातीशी घट्ट धरून.

मी मोठ्या ऐटीत स्लाइड काढली. विज्ञान दाखवायला निघाले होते ना! दुर्बीण आणली होती, पण तिला वीज लागते आणि पाऱ्यात वीज नव्हती. मग काच उन्हाकडे धरून म्हाताऱ्याला दाखवली. त्यानं डोळा बारीक केला आणि विचारलं, "ए चुनरी के कपड़ा हे का?" मागे पोट्टे हसले. माझ्या इतक्या मेहनतीची गुलाबी-निळी चुनरी झाली.

मग मी दुसरा डाव टाकला. म्हटलं, तुम्ही सगळे आपापल्या घरची खोकसी आणा. माझ्यासमोर आणा. सुकवारोनं हात न लावलेली. आल्या पाच-सहा. रमशीलाच्या नवऱ्यानं त्या सकाळी पकडलेलीही आली. मी ट्रे मांडला, एकेक पोट उघडलं. जवळजवळ प्रत्येकीत लाल किडा. रमशीलाच्या घरच्या माशात तर दोन. मी विजयानं वर पाहिलं.

"पाहा! सगळ्यांतच आहे. तिनं काय केलं यात?"

 मग रमशीला उठली आणि ओरडली, "सब्बो तरिया ला खराब कर दिस!"

सगळा तलावच नासवला हिनं! आणि लोक मान डोलवू लागले. बाप रे! मी पुरावा दिला होता तो तिच्याच गळ्याभोवती आवळला जात होता. एका माशाची टोनही होती, आता अख्ख्या तलावाची झाली. पुरुषांतले दोघे-तिघे उठून उभे राहिले. सुकवारोनं डोकं गुडघ्यांत घातलं. मला भीती वाटली, खोटं कशाला बोलू, पळून जावं वाटलं. आणि भीती वाटली की माझं डोकं सटकतं, हा माझा जन्माचा स्वभाव.

रमशीला हात नाचवून बोलतच होती. उजवा तळहात माझ्या तोंडासमोर वर-खाली होत होता. त्या तळहातात, अंगठ्याखाली, मला एक फुगवटा दिसला. मी तिचं मनगट पकडलं.

"हे काय आहे?"

ती दचकली. "का?"

"हे. ही गाठ कसली?"

"टेंगना के काँटा," ती म्हणाली. टेंगना म्हणजे काटेरी मासा, त्याचा काटा हातात मोडला की निघत नाही. केवटपाऱ्यात असा हात नाही ज्यात एखादा मोडलेला काटा नाही.

"कधी मोडला?"

"बेटा के बिहाव के पहिली." मुलाच्या लग्नाआधी.

"लगेच झाली का गाठ? दुसऱ्या दिवशी?"

"नइ. पहिली सूजिस, पाकिस. फेर धीरे-धीरे गठान होगे."

आधी सुजलं, पिकलं, मग हळूहळू गाठ. मी तिचं मनगट सोडलं नाही. दुसऱ्या हातानं तिच्याच घरच्या माशातली गाठ काढली, अखंड, किड्यासकट, आणि तिच्या बोटांत दिली. "दाब," म्हटलं. "आता तुझी दाब. पुन्हा ही दाब." तिनं दाबली. तिचं बोलणं थांबलं. तिच्या हातातून ती गाठ मी सियानाच्या हातात दिली. त्यानं अंगठा आणि बोटामध्ये ती फिरवली, मग स्वतःच्या पायाच्या टाचेवरची एक जुनी गाठ चाचपली. मग शेजारच्याला दिली. ती गाठ हातोहात सगळ्या बैठकीत फिरली. जो तो आपापली गाठ शोधत होता, कोणाच्या बोटात, कोणाच्या पोटरीत. मग मी पुडीतली रिकामी खोळ पुढे केली, फॉर्मॅलिनमधून धुऊन आणलेली.

"ही छठीच्या माशातली. हिच्यातला किडा तुम्ही पाटावर पाहिलात. हरेलीला भांडण झालं. हरेली होऊन किती दिवस झाले ते तुम्हीच सांगा. एवढ्यात अशी गाठ होते?"

म्हातारा बराच वेळ ती खोळ दाबत राहिला. मग म्हणाला, "गठान जुन्ना हे."

गाठ जुनी आहे. एवढंच. दुसरं काही म्हणाला नाही, पण उभे राहिलेले बसले. सुकवारोनं डोकं वर काढलं. ती रडत नव्हती, मीच रडत होते, माशाचे हात असल्यामुळे डोळेही पुसता येईनात.

"अउ लइका के जर?" रमशीलानं विचारलं. बाळाचा ताप? आता तिचा आवाज भांडणाचा नव्हता, आजीचा होता.

तेव्हा मला सासूबाईंचं बोलणं आठवलं. मी सुनेला म्हटलं, बाळ दाखव. दुपट्याच्या आत नाळेला राख आणि काहीबाही थापलेलं, भोवतीची कातडी लाल, आणि पू. मी माशांची, माणसांच्या आजारातलं मला काय कळतंय? पण सुजलेलं लाल मांस ओळखायला मला कोणी शिकवावं लागत नव्हतं. तशीच तिला, बाळाला आणि रमशीलाला रिक्षात घातलं आणि समता कॉलनीत आमच्या ओळखीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी बाळाला पाहिलं आणि आधी मला झापलं, इतका उशीर का म्हणून. मी ऐकून घेतलं. त्यांनी लगेच मोठ्या इस्पितळात पाठवलं. मुलगी वाचली.

कोणी म्हणेल, चला, गोड झालं. थांबा.

मी सुकवारोला वाचवायला सगळ्यांच्या देखत खोकसीतले किडे दाखवले होते. ती बातमी पाऱ्यात कशी राहील? आठवड्याभरात गुढियारीच्या बाजारात खोकसीला कोणी हात लावेना. पंडरीच्या कापडवाल्यांच्या घरून येणारी बांधलेली गिऱ्हाइकंही तुटली. मी कंठशोष करून सांगत होते, अहो, स्वच्छ करा, नीट शिजवा, किडा मरतो, काही होत नाही. पण डोळ्यांनी वळवळ पाहिलेल्याला शिजवण्याची गोष्ट पटत नाही. सुकवारो आणि रमशीला, दोघी आपापल्या भरल्या हंड्यांसमोर माशा मारत बसायच्या. आणि पाऱ्यात माझं नाव पडलं, टोनही मॅडम. सुकवारोनंच मला सांगितलं, पुढचा दात दाखवून.

"अब तैं टोनही, दीदी."

मी हसले. नाव माझ्यावर आलं तर येऊ दे. माझ्या कौलांवर दगड पडणार नव्हते. बाजार पुढे हळूहळू सावरला, लोक विसरतात.

पण एक गोष्ट सावरली नाही. सुकवारोला कोणी मारलं नाही, कोणी काढलं नाही, पाणीही भरू दिलं. फक्त तिच्याभोवतीची ती बैठकीतली मोकळी जागा कधी भरली नाही. लग्नाला बोलावणं यायचं, पण ती बसायची तिथून पंगत जरा पुढे सरकायची. हरेलीला ती जाळं धुऊन दारात टाकून बसायची आणि कुठलीच आई आपलं लेकरू तिच्यापुढे आणायची नाही. रागानं नव्हे. उगाच कशाला, म्हणून. मी तिला एकदा दुर्बिणीतून तीच स्लाइड दाखवली. ती बराच वेळ पाहत राहिली. मी तिला समजावलं, ही भिंत, हा किडा, आणि भिंतीच्या पलीकडे हे फिकट, सुकलेलं दिसतं ना, ते काळजाचंच मांस. दबून दबून असं झालं. भिंत बांधायला जागा माशाच्या स्वतःच्या मांसातूनच जाते.

"कीरा घलो नइ मरिस," ती म्हणाली, "अउ मछरी घलो बने नइ होइस."

किडा मेला नाही आणि मासाही बरा झाला नाही. मग तिनं हंडे उचलले आणि गेली. मला वाटत होतं, मी ती बैठक जिंकले होते. त्या दिवसापासून तसं वाटेनासं झालं.

निवृत्तीच्या आधीची शेवटची हरेली. मी कामासाठी म्हणून पाऱ्यात गेले, पण खरं सांगते, काम काही नव्हतं. सुकवारो आपल्या दारात बसली होती, जाळं मांडीवर. केस पांढरे झालेले. रस्त्यावर बायका-पोरं होती. समोरच्या दारात रमशीला.

मी तिच्यापुढे जाऊन खाली बसले. गुडघे दुखतात, तरी बसले.

"टाक," म्हटलं.

"का, दीदी?"

"जाळं. माझ्या डोक्यावर टाक. राहून गेलं इतकी वर्षं, टाक आता."

आयुष्यभर किड्यांचं शास्त्र केलेली बाई जाळ्याखाली बसते, याला काय म्हणावं ते म्हणा. बाधा-बिधा मी मानत नाही. पण कोणीतरी बसायला हवं होतं, आणि टोनही मॅडमला आणखी काय होणार होतं?

सुकवारोनं इकडेतिकडे पाहिलं.  मग उभी राहून तिनं जाळं उघडलं आणि माझ्यावर टाकलं. चिखलाचा, शेवाळाचा, माशाचा वास. आज घरी जाऊन पुन्हा डोक्यावरून, एवढं मनात आलं. आता न्हाणीत पाठवायला सासूबाई राहिल्या नव्हत्या. जाळ्याच्या घरांमधून रस्ता दिसत होता. सगळे थांबून पाहत होते. सुकवारो ओठातल्या ओठात काही पुटपुटत होती.

एवढ्यात जाळं एका बाजूनं वर झालं आणि कोणीतरी माझ्या काखेत येऊन बसलं. शाळेच्या फ्रॉकमधली पोरगी, वेणीला लाल रिबन, दात पडलेले. तिला वाटलं असावं, खेळ आहे.

"कोणाची गं तू?" मी विचारलं.

तिनं जाळ्यातून बोट बाहेर काढून समोरच्या दाराकडे दाखवलं. तीच ती, तापातली. रमशीला उठून उंबऱ्याबाहेर आली होती. हाक मारायला तिनं तोंड उघडलं. मी जाळ्याखालून तिच्याकडे पाहत राहिले, सुकवारोही पाहत राहिली, जाळ्याची दोरी हातात घट्ट धरून.

रमशीलानं उजवा हात वर केला, तो तिथेच थांबला. मग ती अंगठ्याखालची गाठ दुसऱ्या हातानं चोळत दारातच खाली बसली आणि तिनं नातीला हाक मारली नाही.